फुई, तू मत कोणाला दिलंस?

फुई, माझ्या आधी मायची दोन लेकरं जगली नाहीत. मी झालो तेव्हा तिनं मला जवळ घेतलंच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तू, बाची थोरली बहीण, बुऱ्हाणपुराहून दापोऱ्याला आलीस, मला सुपात घातलंस आणि ते सूप उंबऱ्यापर्यंत ओढत नेऊन परत आणलंस. मरणाला वाटावं, हे पाखडून टाकलेलं काहीतरी आहे, याच्याकडे बघायचं कारण नाही. म्हणून माझं नाव सुपडू.

बा दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत राबायचा. घड उतरवायचे, वाहून गाडीपर्यंत आणायचे. केळीच्या चिकाचे काळे डाग त्याच्या सदऱ्यावरून कधी गेले नाहीत. तोच सदरा आखूड करून मला व्हायचा आणि ते डाग अंगावर घेऊन मी शाळेत जायचो. घरात कळण्याची भाकरी आणि केळफुलाची भाजी; केळफूलही नसलं की नुसती मिरची. तापी फुगली की मागची भिंत जायची. पाणी उतरलं की बा चिखल कालवायला बसायचा. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा जायची. अक्षर ओळखणारं माणूस आमच्यात एकही नव्हतं. कागद आला की तो उलटा धरला आहे की सुलटा, हेसुद्धा कोणाला कळत नसे.

हे सगळं तुलाच मी कशाला सांगतोय? यातलं अर्धं तर तूच मला सांगितलेलं. पण आज कुठून सुरू करावं ते कळत नाही. म्हणून अगदी पहिल्यापासून सुरू केलं. फुई, तू वैशाखात गेलीस. पेपर झाले होते आणि निकाल लागायचा होता. आज लागला. थांब, सांगतो. घाई करू नकोस. तुझी ही सवय मला कधीच आवडली नाही, गोष्टीच्या मधेच 'मंग काय झालं?' म्हणायची.

बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यातल्या तुझ्या दोन खोल्यांत मी शिकायला आलो तेव्हा तुझे यजमान, फुवा, वारून बरीच वर्षं झाली होती. तू विणकरांसाठी कांड्या भरायचीस. चरख्यावर सूत चढवायचं, कांडीवर गुंडाळायचं, टोपलीत टाकायचं. त्या घरघरीत मी गणित केलं, इतिहास केला, मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो. कॉलेजात पहिल्या दिवशी हजेरीला माझं नाव पुकारलं आणि वर्ग हसला. मी उभा राहिलो आणि 'प्रेझेंट सर' असं ओरडलो की सरांनी मान वर केली. घरी येऊन सांगितलं तर तू म्हणालीस, "हसले तं हसू दे. त्यायच्यातला एक तरी सुपातून आलेला हाये का?"

मग राज्य बदललं. आपलं नागपूर तुटलं, भोपाळ राजधानी झाली, आणि मराठी शाळेत शिकलेली आम्ही पोरं अधांतरी लटकलो. मराठीत विचार करायचा, हिंदीत ऐकायचं आणि इंग्रजीत लिहायचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजीत मी नापास झालो.

त्याच आठवड्यात बा आला. आत आला नाही, दारातच बसला.

"आता पुरं झालं, आक्का. याले घरी धाड. मुकादमानं बोलावलं हाये बागेवर."

"एक साल दे, नामा."

"किती सालं देऊ? तू लेकाचं येड लावून घेतलं."

"एक. यंदा नाई पास झाला तं मीच आणून सोडते. अन मंग तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवनार नाई."

चरखा थांबवून तू हे बोललीस, आणि लगेच पुन्हा सुरू केलास. बा उठून चालू लागला.  माझं काय, मी बागेत गेलो असतो. पण तुझं माहेर तेवढं एकच होतं, आणि ते तू माझ्या इंग्रजीच्या पेपरावर लावून बसली होतीस. मी म्हटलं, "फुई, इच्छादेवीला नवस तरी बोल." तर म्हणालीस, "देवीले इंग्रजी येते का? तिले कायले तरास?"

मग तू माझा अभ्यास हातात घेतलास. पेपरात इंग्रजी वाक्प्रचार यायचे: अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. माझी बोंब तिथेच होती. पाठ केलेलं मी लिहायचो आणि लिहिता लिहिता विसरायचो. तुझा हुकूम निघाला, "मतलब सांग. मंग वापर सांग. पन वापर आपल्या गल्लीतल्या मानसाचा पाहिजे. अन त्याच्या तोंडावर म्हनून ये."

काय दिवस होते ते, फुई! मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळणं, म्हणजे दिवसरात्र जिवाची दमछाक करणं. तो वाक्प्रचार तू समोरच्या विणकराला दिलास. मेंढीच्या कातड्यातला लांडगा मिळाला सुताच्या दलालाला, आणि ते वाक्य त्याच्या तोंडावर म्हणताना मी एक पाय गल्लीत ठेवला होता. शेजारच्या कांताबेनच्या वाट्याला आलं उंदरानं उकरलेल्या मातीएवढ्या गोष्टीचा डोंगर करणं. मी पायरीवर उभा राहून ते इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवलं. त्या पापड लाटत होत्या. लाटणं वर धरून विचारलं, "मथुराबेन, आ सुपडू शूं बोल्यो?"

"तुमची तारीफ केली," तू आतून ओरडलीस.

त्यांनी मला भाजलेला पापड दिला. तो खाताना मला ठसका लागला आणि तुझा चरखा हसण्यानं थांबला.

आणि मग आला तो. 'हेड अँड शोल्डर्स अबव्ह'. मी अर्थ सांगितला. गर्दीत एखाद्याचं डोकं आणि खांदे सगळ्यांच्या वर दिसावेत, तसा गुणानं बाकीच्यांपेक्षा कितीतरी वरचढ असलेला माणूस. थोडासा नाही, चांगलाच वरचढ.

"वापर?"

मी तयारच होतो. छाती काढून म्हटलं, "आय अॅम हेड अँड शोल्डर्स अबव्ह ऑल द बॉइज ऑफ दापोरा."

"म्हंजे कोन?"

"म्हणजे मी. दापोऱ्याच्या सगळ्या पोरांपेक्षा मी वरचढ आहे."

तू सूत तोडलंस. "हे कोन म्हनते?"

"मी म्हणतो. खोटं आहे का? कॉलेजात कोण गेलं दुसरं?"

"खोटं नसंल. पन ज्याचं डोकं वर हाये त्याले स्वतःचं डोकं कसं दिसीन? खालचाच सांगीन ना!"

"आरशात दिसतं."

"आरशात एकटाच दिसतो तू. बाजूले कोन हाये?"

इथून भांडण पेटलं. मी म्हणालो, इंग्रजीत असं चालतं, व्याकरणानं वाक्य बरोबर आहे. तू म्हणालीस, व्याकरण गेलं चुलीत, उंची दुसऱ्यानं कबूल करावी लागते. मी म्हणालो, आयुष्यभर सगळ्यांनी मला खालचाच मानलं, आता एक वाक्य मी माझं लिहिलं तर कोणाचं काय जातं? तू तुटलेलं सूत जोडायला घेतलंस. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी तू निवडणूक जाहीर केलीस!

मत देण्याचं तुला किती वेड होतं. पहिल्या निवडणुकीच्या यादीत गल्लीतल्या बायांनी 'अमक्याची बायको' म्हणून नाव सांगितलं, तू मात्र 'मथुराबाई' असं ठणकावलंस की कारकुनानं दोनदा दौतीत टाक बुडवला. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याची निशाणी, ही गोष्ट तुला इतकी आवडली होती की मत देऊन आल्यावर महिनाभर तू तेच सांगत होतीस. आता तू संक्रांतीची बोळकी काढलीस. त्यांवर चित्रं काढायला चुना कालवलास आणि गल्लीत सांगून आलीस, रविवारी दुपारी मतदान. आपल्या सगळ्यांत ज्याचं डोकं अन खांदे वर, तो निवडायचा, म्हणजे पोराला वाक्य मिळेल.

पहिला धावत आला शंकर पोस्टमन. गल्लीच्या प्रत्येक दारात वाकून शिरणारा माणूस. "यात मत कशाला? टेप आणा!"

गल्लीत राहणाऱ्या शाळेच्या गुरुजींनी चष्मा पुसला. "शंकरराव, शब्दशः घेऊ नका. ही उंची गुणांची आहे. आता गुणांचाच विचार करायचा तर..." आणि पुढे नुसतेच खोकले.

"बधा पुरुष ऊभा रहे तो बाई केम नहीं?" कांताबेन म्हणाल्या. बाईनंही उभं राहायचं ठरलं आणि त्यांच्या बोळक्यावर लाटणं आलं. पोस्टमनची सायकल, गुरुजींची पाटी, माझी लेखणी. करीम उस्ताद पलीकडच्या आखाड्यातून टॉवेल खांद्यावर टाकून आले होते. पोरांना कुस्ती शिकवणारा तो बुटका, आडवा माणूस उभा राहायलाच तयार नव्हता. तू म्हणालीस, "उस्ताद, तुमचंबी एक ठेवते."

"रख दो बहन. बाद में पानी पीने के काम आएगा."

त्यांच्या बोळक्यावर तू गदा काढलीस. ती गाजरासारखी दिसत होती, आजही माझं तेच मत आहे.

आतल्या खोलीत गोधडीचा पडदा, पडद्यामागे बोळकी. मत उभ्या राहिलेल्या पाच जणांनाच, बाकी गल्ली बघायला; प्रत्येकाला तुरीचा एक दाणा आणि बोटाला काजळ. तू स्वतः उभी राहिली नाहीस. तू अधिकारी. पण मत मात्र तुला होतं. पोस्टमनची मूठ उघडून पाहिलीस. "एकच दाना! सरकारी डाकेत असं करतो का?" मी आत गेलो, लेखणीच्या बोळक्यात दाणा टाकला, आणि बाहेर येताना असा चेहरा केला की जणू गुरुजींना देऊन आलो. सगळ्यांत शेवटी तू गेलीस. चांगला वेळ लावलास. बाहेर आलीस तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसतं काजळ लागलेलं बोट.

मग अंगणात मोजणी. सायकलमधून एक दाणा निघाला. पाटीतून एक. गुरुजी आभाळाकडे बघू लागले, पोस्टमन चपलेकडे. गल्लीला कळायला क्षणभर लागला, आणि मग जो हशा झाला! "स्वतःलाच टाकलं की!" लाटण्यातून निघाले दोन. लेखणीतून दोन. दोन, फुई! मी उडीच मारली. शेवटी तू गदा उपडी केलीस, बुडावर थापटी मारलीस. काहीच नाही. उस्तादांचं बोळकं रिकामं. आम्ही सगळ्यांनी स्वतःला मत दिलं होतं. त्यांनी दुसऱ्या कोणाला.

"लिव," तू मला म्हणालीस. "करीम उस्ताद हेड अन शोल्डर."

"त्यांना शून्य मतं आहेत!"

"म्हनूनच."

"असा कायदा कुठल्या देशात आहे? बरोबरी माझी आणि कांताबेनची झाली आहे!"

"अरे छोड ना बेटा, तू ही जीता," उस्ताद हसत म्हणाले आणि आखाड्याकडे निघून गेले. तू मात्र मला ते वाक्य लिहायला लावलंस. मी लिहिलं. पण फुई, मला ते पटलं नव्हतं, आणि आजही पटत नाही. उस्ताद मोठे, कबूल. शंभरदा कबूल. पण मी स्वतःला मत दिलं यात मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. ज्याच्या नावाला वर्ग हसतो त्यानं स्वतःलाही मत द्यायचं नाही, तर मग त्यानं उभं तरी कशाला राहायचं?  तू म्हणायचीस, "कांडी आन तिकडची," म्हणजे वाद संपला. पण तो संपायचा नाही, पुढच्या जेवणाला पुन्हा सुरू व्हायचा.

आणि खरा प्रश्न वेगळाच होता. माझ्या बोळक्यात दोन दाणे. एक माझा. दुसरा कोणाचा? तुझा असेल तर कांताबेनचा जादा दाणा उस्तादांचा. आणि उस्तादांनी मला दिला असेल, तर तू कांताबेनला दिलास. दोनच शक्यता. त्यांच्यापायी मी किती दिवस झोप घालवली!

"फुई, ते तुझंच होतं ना?"

"मत गुप्त ऱ्हायते. सरकारी कायदा हाये."

मी आखाड्यात गेलो. उस्ताद एका पोराला चीत करत होते. तिथूनच म्हणाले, "बेटा, वो मेरे और मटके के बीच की बात है."

कधी वाटायचं, तुझंच. माझ्यासाठी तू माहेर पणाला लावलंस, एक तुरीचा दाणा कसा देणार नाहीस? मग वाटायचं, छे, कांताबेनलाच दिला असशील. फुवा गेल्यावर तू दार लावून बसली होतीस, तेव्हा त्या रोज ताकाचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून न बोलता परत जायच्या, हे तूच मला सांगितलं होतंस. आणि माझं तोंडावर कौतुक तू कधी केलंस? मॅट्रिक झालो तेव्हा 'बरं झालं' म्हणालीस. कॉलेजात गेलो तेव्हा 'छत्री घे' म्हणालीस. माणूस अशानं मताचा दाणासुद्धा शोधत बसतो, फुई.

पेपरच्या दिवशी तू गल्लीच्या तोंडापर्यंत आलीस. हॉलमध्ये वाक्प्रचारांचा प्रश्न उघडला आणि मला हसू आलं. अख्खी गल्ली तिथे उभी! दलाल आला, विणकर आला, कांताबेन लाटणं घेऊन आल्या. एकेकाला बघून मी वाक्य लिहिलं, एकही अडलं नाही. फक्त तो वाक्प्रचार पेपरात आलाच नाही.

घरी येऊन तुला सांगितलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस. "आलाच नाई?"

"नाही."

"मंग एवढं विलेक्शन फुकट गेलं?"

आणि तू हसायला लागलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चरख्याला धरून. मला तू तशीच आठवतेस. त्यानंतरचे तापाचे दिवस मी लिहिणार नाही. शेवटी शेवटी तू एकच विचारायचीस, निकाल कधी. मी म्हणायचो, लवकरच. तू म्हणायचीस, "नामाले सांगजो, मी शब्द सोडला नाई."

तेराव्याला उस्ताद आले.  उठताना माझ्या पाठीवर हात ठेवला. "बेटा, तू पूछता था ना, मैंने किसे दिया था? अब मथुरा बहन तो रही नहीं. बता दूँ?"

माझ्या तोंडातून 'हो' निघणारच होतं. मग मी हात जोडले. "नका सांगू, उस्ताद." त्यांनी सांगितलं असतं तर आपला वाद तिथेच मिटला असता, फुई, आणि मला तो इतक्यात मिटवायचा नाही. मला अजून तुझ्याशी भांडायचं आहे. तू दिलं असशील तर का सांगितलं नाहीस, म्हणून भांडायचं आहे. आणि दिलं नसशील तर का दिलं नाहीस, म्हणून तर फारच भांडायचं आहे.

आता ऐक. आज सकाळच्या गाडीनं निकालाचं वर्तमानपत्र येणार हे काल कळलं होतं. मी आणि गुरुजी स्टेशनवर गेलो. फलाटावर पोरांची ही गर्दी! गठ्ठा सुटायच्या आधीच लोकांनी पानं ओढली. मला एक मिळालं, पण आकडे डोळ्यांपुढे नाचायला लागले. गुरुजींनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकाला लावलं, बोट खाली खाली नेलं. बोट थांबलं. "सुपडू," ते म्हणाले. त्या भल्या माणसानं भर फलाटावर मला मिठी मारली.

मी पळत सुटलो. गुरुजी मागून 'अरे चप्पल!' म्हणून ओरडत होते. गल्लीत शिरलो तर कांताबेन दारातच. नुसतं माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पोराला जिलबी आणायला पिटाळलं, आपली माव्याची, गरम. पोस्टमननं टपाल तसंच सायकलवर ठेवलं आणि घरोघरी सांगत सुटला. उस्तादांनी आखाडा बंद केला. सगळी गल्ली तुझ्या दारात जमली होती आणि प्रत्येकजण एकच बोलत होता: मथुराबाई असती तर.

दुपारी बा आला, केळीच्या ट्रकमधून. कोणीतरी त्याला बागेतच सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. या वेळी तो आत आला. तुझ्या चरख्याजवळ खाली बसला.

"इंग्रजी?" त्यानं विचारलं.

"इंग्रजीसुद्धा, बा."

तो चरख्याच्या चाकावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आक्कानं आज मले लय बोलून घेतलं असतं." आणि हसता हसता रडायला लागला. मी बाला रडताना कधी बघितलं नव्हतं. पूर आला तेव्हाही नाही.

फुई, तुझा शब्द राहिला. मी बी.ए. पास झालो. आपल्या घरातला पहिला.